बंदुकीच्या जागी द्विनेत्री

पांढरा धोबी हा पक्षी आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. पावसाळा संपला की तो उत्तरेकडून येतो आणि पवना, इंद्रायणी, मुळा या नद्यांच्या काठी शेपूट वरखाली हलवीत किडे टिपत फिरताना दिसतो. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या त्याच्या एका उपजातीचे शास्त्रीय नाव ‘मोटॅसिला आल्बा डुखुनेन्सिस’ असे आहे. यातले ‘डुखुन’ म्हणजे आपले दख्खन. काही तज्ज्ञ आता ही उपजात वेगळी मानत नाहीत, पण नाव मात्र पुस्तकांतून टिकून आहे. हे नाव दिले विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने, १८३२ साली. मुंबई सरकारने १८२४ मध्ये साइक्स यांची दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमणूक केली होती. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या मुलखातील शेती, लोकसंख्या, हवामान यांची नोंद करता करता त्यांनी येथील प्राण्यांचा आणि पक्ष्यांचाही मोठा संग्रह केला. माळरानावरचा तुरेवाला छोटा चंडोल आणि राखाडी रंगाचा मोठा सातभाई यांचीही पहिली शास्त्रीय वर्णने त्यांचीच.

हा संग्रह मेलेल्या पक्ष्यांचा होता. पक्षी बंदुकीने मारायचा, त्याचे कातडे सोलून त्यात कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची आणि तो लंडनला पाठवायचा, अशी त्या काळची रीत होती. यात क्रौर्यापेक्षा अपरिहार्यता अधिक होती. चिमणीएवढा पक्षी पन्नास मीटरवर बसला असेल, तर नुसत्या डोळ्यांना त्याची फक्त आकृती दिसते. भुवईवरची रेघ, पंखावरचा पट्टा, डोक्यावरचे ठिपके यांवर जाती ओळखायच्या असतात, आणि ते पाहायचे तर पक्षी हातात हवा. ‘मी पाहिला’ या शब्दाला शास्त्रात किंमत नव्हती. ‘हा घ्या’ असे म्हणता आले पाहिजे.

आज परिस्थिती उलट आहे. शाळेतली एखादी विद्यार्थिनी पक्षी पाहते, वर्णन लिहून ठेवते आणि तिची नोंद गांभीर्याने घेतली जाऊ शकते. हा बदल घडायला जवळजवळ एक शतक लागले आणि त्यात सर्वांत मोठा वाटा द्विनेत्री दुर्बिणीचा आहे. शाळेच्या निसर्गमंडळासाठी अशी दुर्बीण विकत घ्यायची झाली, की दुकानातील आकडे, जाहिराती आणि किमती पाहून माणूस गोंधळतो. या उपकरणाचा इतिहास ठाऊक असेल तर हा गोंधळ बराच कमी होतो. दुर्बिणीवर कोरलेला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक अक्षर हे एखाद्या जुन्या अडचणीचे उत्तर आहे.

दोन डोळ्यांची मागणी

दुर्बिणीचा इतिहास सांगताना आपण सहसा गॅलिलिओपासून सुरुवात करतो. पण दोन डोळ्यांनी पाहायची दुर्बीण ही कल्पना त्याच्याही आधीची आहे. २ ऑक्टोबर १६०८ रोजी हान्स लिपरशे या चष्मे बनविणाऱ्या कारागिराचा दुर्बिणीच्या एकाधिकारासाठीचा अर्ज नेदरलँड्सच्या राज्यसभेपुढे आला. सभासदांनी उपकरण पाहिले आणि एक साधी मागणी केली: हे दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे करून द्या. लिपरशेने तसे करून दिले, त्याला पैसेही मिळाले. एकाधिकार मात्र मिळाला नाही, कारण ही युक्ती इतरांनाही ठाऊक असल्याचे उघड झाले होते.

त्या दुर्बिणीची रचना पुढे गॅलिलिओच्या नावाने ओळखली गेली. पुढे बहिर्वक्र भिंग, डोळ्याजवळ अंतर्वक्र भिंग. प्रतिमा सुलटी दिसते, नळी आखूड राहते. नाटकगृहांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या द्विनेत्री या एकोणिसाव्या शतकात याच रचनेवर बनत. पण या रचनेत एक मोठी उणीव आहे. तीन-चार पटींपेक्षा अधिक मोठे पाहू गेले, की दृष्टिक्षेत्र फार अरुंद होते. गवताच्या काडीतून आकाश पाहिल्यासारखे होते.

१६११ साली केप्लरने दोन्ही भिंगे बहिर्वक्र घेण्याची रचना मांडली. तिचे दृष्टिक्षेत्र विस्तृत आणि विवर्धन जास्त. पण प्रतिमा उलटी. ग्रहतारे उलटे दिसले म्हणून काही बिघडत नाही, उलटा पक्षी मात्र कोणालाच नको. मधे आणखी भिंगे बसवून प्रतिमा सुलटी करता येते, पण मग नळी हात-दीड हात लांब होते. लष्करी अधिकारी आणि नाविक अशा एकनळी दुर्बिणी वापरीत. हलत्या फांदीवरचा छोटा पक्षी हातात धरलेल्या अशा लांब नळीत पकडणे किती कठीण असेल याची कल्पना करता येईल.

लोलकाची युक्ती

ही कोंडी फोडली ती काचेच्या लोलकाने. इग्नात्सिओ पोरो हा इटालियन लष्करी अधिकारी आणि भूमापनतज्ज्ञ. १८५४ साली त्याने एका रचनेचे पेटंट घेतले. दोन काटकोनी लोलक एकमेकांशी काटकोनात ठेवायचे. प्रकाश त्यांच्या आत चार वेळा परावर्तित होतो. पहिला लोलक प्रतिमा एका दिशेने उलटवतो, दुसरा दुसऱ्या दिशेने. परिणामी केप्लरची उलटी प्रतिमा सुलटी होते. शिवाय प्रकाशाचा मार्ग घडी घातल्यासारखा दुमडला जात असल्याने नळीची लांबी कमी होते. एकाच युक्तीत दोन फायदे.

तरीही ही दुर्बीण त्या वेळी चालली नाही. लोलकाच्या आत प्रकाशाला काचेतून बराच मोठा प्रवास करावा लागतो. तेव्हाच्या काचेत बुडबुडे, रेषा आणि रंगाची झाक असे. पातळ भिंगात हे दोष खपून जात, जाड लोलकात ते उघडे पडत.

यापुढची पायरी जर्मनीतील येना या गावी गाठली गेली. एर्न्स्ट आबे हा भौतिकशास्त्रज्ञ कार्ल झाइस यांच्या कारखान्यात काम करीत होता. ऑटो शॉट या काचरसायनतज्ज्ञाच्या साहाय्याने १८८४ मध्ये तेथे काचेचा कारखाना निघाला. बोरॉन आणि बेरियम यांची संयुगे वापरून शॉटने नव्या प्रकारच्या, अधिक एकजिनसी काचा तयार केल्या. आबेने लोलकाच्या दुर्बिणीचा विचार स्वतंत्रपणे केला होता; १८९३ मध्ये पेटंटसाठी अर्ज करताना त्याला पोरोचे काम आधीच झाल्याचे आढळले. मग आबेला पेटंट मिळाले ते वेगळ्या मुद्द्यावर. त्याच्या द्विनेत्रीत पुढची भिंगे डोळ्यांमधील अंतरापेक्षा जास्त दूर होती. त्यामुळे वस्तू एकमेकींच्या पुढेमागे असल्याची, म्हणजे खोलीची, जाणीव वाढते. झुडपात बसलेला पक्षी मागच्या पानांपासून सुटा दिसतो. १८९४ पासून या द्विनेत्री विक्रीस आल्या. खांदे बाहेर आलेला, वाकड्या नळ्यांचा जो आकार आपण ‘दुर्बीण’ म्हणून फळ्यावर काढतो, तो हाच.

सरळ नळ्यांच्या द्विनेत्रीही लवकरच आल्या. त्यांत घराच्या छपरासारखी धार असलेले लोलक असतात. १९०५ च्या सुमारास जर्मनीतील हेन्सोल्ट या कंपनीने त्या बाजारात आणल्या. त्या सुटसुटीत दिसतात, पण ‘छपरा’चा कोन अत्यंत काटेकोर असावा लागतो. तेथे अंशाच्या साठाव्या भागाच्या साठाव्या भागाचा, म्हणजे विकलांचा हिशोब असतो. शिवाय छपराच्या दोन उतारांवरून आलेल्या प्रकाशलहरींची कला थोडी बदलते आणि प्रतिमेचा रेखीवपणा कमी होतो. यावर उपाय म्हणून लोलकावर विशिष्ट पातळ थर देण्याची पद्धत झाइसने १९८८ मध्ये आणली. असे थर आणि इतकी काटेकोर घासाई महाग पडते. पोरो लोलकाला यांतले काहीही लागत नाही. कमी पैशात चांगली प्रतिमा हवी असेल तर जुन्या, वाकड्या नळ्यांची द्विनेत्री आजही सरस का ठरते, याचे उत्तर येथे आहे.

युद्ध आणि काच

द्विनेत्रीचा प्रसार केला तो पक्षिनिरीक्षकांनी नव्हे, सैन्यांनी. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा प्रकाशीय काचेच्या बाबतीत जर्मनी इतर देशांच्या फार पुढे होती. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तेथील नौदलाकडे पुरेशा दुर्बिणी नव्हत्या. नौदलाचे सहायक सचिव फ्रँकलिन रूझवेल्ट, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी नागरिकांना घरातल्या दुर्बिणी नौदलाला उसन्या देण्याचे आवाहन केले आणि लोकांनी हजारोंनी दुर्बिणी पाठवल्या.

दुसरी महत्त्वाची सुधारणा १९३५ ची. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. द्विनेत्रीच्या एका नळीत हवा आणि काच एकमेकांना भेटतात असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात. ०.९६ चा दहावा घात काढा: उत्तर ०.६६ येते. म्हणजे एक तृतीयांश प्रकाश वाया, आणि तोच आतल्या आत फिरून प्रतिमेवर पांढुरके धुके पसरवणार. झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर पारदर्शक पदार्थाचा अत्यंत पातळ थर देऊन हे परावर्तन कमी करण्याची पद्धत शोधली. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारक ठरतात. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगात रंग दिसतात त्यामागेही हेच व्यतिकरणाचे तत्त्व असते. जर्मनीने ही पद्धत काही वर्षे लष्करी गुपित म्हणून राखली. आजच्या बहुस्तरी लेपांमुळे परावर्तन अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. ०.९९५ चा दहावा घात ०.९५ आहे. हा फरक पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे नेमका पक्षी हालचाल करतात तेव्हा, स्पष्ट जाणवतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर येनाचा कारखाना सोव्हिएत ताब्यात गेला आणि तेथील बरीच यंत्रसामग्री नुकसानभरपाई म्हणून सोव्हिएत संघात नेण्यात आली. काही तज्ज्ञांना अमेरिकन सैन्याने आधीच पश्चिमेकडे हलवले होते. अशा रीतीने एका गावाची विद्या अनेक ठिकाणी पसरली. जपानमध्ये टोकियोच्या आसपास लहान लहान कारखान्यांतून पोरो द्विनेत्री मोठ्या संख्येने बनू लागल्या आणि सामान्य माणसाला परवडू लागल्या. आता स्वस्त द्विनेत्री बहुतांशी चीनमध्ये बनतात. आपल्याकडे डेहराडूनच्या आयुध निर्माणीत १९४३ पासून लष्करासाठी प्रकाशीय उपकरणे तयार होत आली. कोलकात्याच्या केंद्रीय काच आणि मृत्तिका संशोधन संस्थेने १९६० च्या सुमारास प्रकाशीय काच देशात बनविण्याचे तंत्र उभे केले. परंतु नागरी वापराच्या द्विनेत्रींसाठी आपण अजून मुख्यतः आयातीवरच अवलंबून आहोत.

पाहणे हाच पुरावा

साधन तयार झाले, तसा पाहण्याचा हेतूही बदलत गेला. अमेरिकेत फ्लॉरेन्स मेरियम या तरुणीने १८८९ मध्ये नाटकगृहातल्या छोट्या द्विनेत्रीतून पक्षी कसे पाहावेत यावर पुस्तक लिहिले. इंग्लंडमध्ये एडमंड सेलूस यांनी १९०१ मध्ये बंदूक खाली ठेवून दुर्बीण घ्या, असा आग्रह धरला. आपल्याकडे सलीम अलींची पक्षिविद्येशी ओळख झाली ती लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या पीतकंठी चिमणीमुळे, हे सर्वश्रुत आहे. पण १९३० मध्ये रायगड जिल्ह्यातील किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला तो जिवंत पक्ष्यांच्या निरीक्षणातून. नर अनेक घरटी बांधतो आणि एकाहून अधिक माद्यांशी संसार करतो, हे मेलेल्या सुगरणीच्या कातड्यावरून कधीच कळले नसते. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले आणि नुसते पाहून पक्षी ओळखणे सामान्य वाचकाच्या आवाक्यात आले.

मात्र ‘पाहणे’ हा पुरावा मानायचा, तर त्याच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. रानपिंगळ्याची हकीगत या दृष्टीने शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी.

रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी. १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगड भागात त्याचा पहिला नमुना मिळाला आणि पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याचे वर्णन केले. १८८० नंतरच्या काही वर्षांत खानदेशात नोकरीस असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी शहाद्याच्या परिसरात त्याचे आणखी नमुने गोळा केले. त्यानंतर पक्षी जणू नाहीसा झाला. सलीम अली आणि अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिपली यांनीही शोध घेतला, पण तो सापडला नाही. एक नोंद मात्र मधली होती: रिचर्ड मायनर्टझागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळवल्याचे सांगितलेला नमुना.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील या नमुन्यांची बारकाईने तपासणी केली. कातडे कसे भरले आहे, कसे शिवले आहे, हे क्ष-किरणांच्या साहाय्यानेही पाहिले. मायनर्टझागेनचा नमुना हा डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून नव्याने चिठ्ठी लावलेला, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे मांडवीची नोंद खोटी. मग खऱ्या नोंदी ज्या ठिकाणांच्या होत्या, तेथेच शोध घ्यायचे ठरले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. शंभरहून अधिक वर्षांनी. पक्ष्याला मारण्याची गरज पडली नाही. त्यानंतर मेळघाटात त्याची चांगली संख्या आढळली आणि २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो दिसला.

आता थोडा हिशोब करू. आपल्या गावाकडचा नेहमीचा ठिपकेवाला पिंगळा आणि रानपिंगळा यांतला एक ठळक फरक डोक्यावर आहे. पहिल्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात, दुसऱ्याच्या माथ्यावर ते जवळजवळ नसतात. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील तपशील ओळखू शकतो. पन्नास मीटरवर हा कोन सुमारे १५ मिलिमीटरचा होतो. आठपट द्विनेत्रीतून पाहिले तर तो २ मिलिमीटरच्याही आत येतो. पंधरा मिलिमीटरला ठिपके नाहीत आणि दोन मिलिमीटरला आहेत, एवढ्यावर पक्ष्याची जात ठरते. पण धुरकट, रंगीत कडा दाखवणारी किंवा दोन प्रतिमा नीट न जुळणारी द्विनेत्री ‘आठपट’ असूनही हे ठिपके पुसून टाकते. कातडे शंभर वर्षांनी पुन्हा तपासता येते. म्हणूनच मायनर्टझागेनची चोरी उघडकीस आली. दुर्बिणीतून पाहिलेले दृश्य पुन्हा तपासता येत नाही. तेव्हा दुर्बीण भरवशाची असणे आणि पाहिलेले तिथल्या तिथे लिहून ठेवणे, या दोन्ही गोष्टी शास्त्राच्या दृष्टीने आवश्यक ठरतात.

शाळेसाठी निवड

द्विनेत्रीवर ८ × ३० असे आकडे असतात. पहिला आकडा विवर्धनाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्याजवळ बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ८ × ३० मध्ये तो ३.७५, ८ × ४० मध्ये ५ आणि ८ × २१ मध्ये जेमतेम २.६ मिलिमीटर. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटर असते, तेव्हा या तिन्हींत फारसा फरक वाटत नाही. पहाटे बाहुली मोठी होते, तेव्हा खिशात मावणारी छोटी द्विनेत्री अंधारी वाटते. म्हणून शाळेसाठी ८ × ३० किंवा ८ × ४० योग्य. दहापट, बारापट विवर्धनाचा मोह टाळावा. जितके विवर्धन अधिक, तितकीच हाताची थरथरही अधिक मोठी दिसते आणि दृष्टिक्षेत्र लहान होते. आठ अंशांचे दृष्टिक्षेत्र म्हणजे १००० मीटर अंतरावर १४० मीटर रुंदीचा पट्टा. नवशिक्या मुलांना पक्षी सापडण्यासाठी एवढा पट्टा असलेला बरा. विवर्धन बदलता येणाऱ्या आणि केंद्रीकरणाचे चाक नसलेल्या द्विनेत्री घेऊ नयेत.

जत्रेत आणि रस्त्यावर ‘३० × ६०’ असे छापलेल्या छोट्या दुर्बिणी मिळतात. हा दावा फूटपट्टीने तपासता येतो: पुढच्या भिंगाचा व्यास मोजा, ६० मिलिमीटर भरतो का पाहा. विवर्धन तपासण्यासाठी विटांची भिंत पुरते. एक डोळा दुर्बिणीला लावा, दुसरा उघडा ठेवा. दुर्बिणीतली एक वीट नुसत्या डोळ्याला दिसणाऱ्या किती विटांवर बसते ते मोजा, तेच विवर्धन. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या शाळांत तर हे अधिक नेमकेपणाने करता येईल. येथे अनेक मुलांचे पालक कारखान्यांच्या टूलरूममध्ये काम करतात, त्यांच्या हातात व्हर्नियर रोजचा असतो. भिंगाचा व्यास आणि प्रकाशझोताचा व्यास व्हर्नियरने मोजून भागाकार करणे हा नववीच्या वर्गाला उत्तम प्रयोग आहे.

लोलकाच्या काचेची परीक्षाही दुकानातच होते. द्विनेत्री हात लांब करून उजळ आकाशाकडे धरा आणि नेत्रभिंगातील प्रकाशाचे वर्तुळ पाहा. ते स्वच्छ गोल असेल तर काच चांगली. वर्तुळाच्या कडा राखाडी रेषांनी कापल्यासारख्या, चौकोनी दिसत असतील तर काच हलकी. कारण असे. लोलकात प्रकाश परतवण्याचे काम संपूर्ण आंतरिक परावर्तन करते. ‘बीके ७’ या काचेचा अपवर्तनांक १.५१७, म्हणून तिचा क्रांतिक कोन सुमारे ४१.२ अंश. ‘बाके ४’ या बेरियमयुक्त काचेचा अपवर्तनांक १.५६९, क्रांतिक कोन सुमारे ३९.६ अंश. मधोमधचा किरण लोलकाच्या पृष्ठभागावर ४५ अंशांनी पडतो, पण भिंगाच्या कडेकडून येणारे किरण चाळीस-साडेचाळीस अंशांपर्यंतही उतरू शकतात. ते ‘बाके ४’ मधून परततात, ‘बीके ७’ मधून निसटतात. निसटलेला प्रकाश म्हणजेच त्या राखाडी कडा.

दोन्ही नळ्या समांतर आहेत का, ही तपासणी सर्वांत महत्त्वाची. दूरवरच्या इमारतीची आडवी कड दुर्बिणीत पाहा आणि डोळे हळूहळू वीतभर मागे न्या. दोन्ही वर्तुळांत कड एकाच पातळीवर राहिली पाहिजे. ती वर-खाली झाली तर ती द्विनेत्री घेऊ नये. थोड्या वेळाने डोके दुखते, कारण जे काम यंत्राने करायचे ते डोळ्यांचे स्नायू करीत राहतात. भिंगांवरचा लेप मंद हिरवट किंवा जांभळट दिसावा. आरशासारखी लालभडक भिंगे आकर्षक वाटतात, पण ती लाल प्रकाश परतवून लावतात आणि पक्ष्याचे रंग बदलतात.

मुलांच्या डोळ्यांतील अंतर मोठ्यांपेक्षा कमी असते. नळ्या पुरेशा जवळ येतात का, हे एखाद्या लहान विद्यार्थ्याला दाखवून पाहावे. चष्मा असणाऱ्यांसाठी नेत्रभिंगापासून डोळा सुमारे १५ मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. या कसोट्यांना उतरणारी पोरो द्विनेत्री आज दहा हजार रुपयांच्या आतबाहेर मिळू शकते. त्याच पैशांत मिळणारी सरळ नळ्यांची द्विनेत्री बहुधा उणी पडते. जुनी वस्तू स्वस्तात मिळत असेल तर पुढून विजेरीचा प्रकाश टाकून आत बुरशीचे जाळे आहे का पाहावे. आपल्या पावसाळ्यात बुरशी हा द्विनेत्रीचा मुख्य शत्रू आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवावी. आणि सर्वांत आधी मुलांना बजावावे की द्विनेत्री सूर्याकडे कधीही रोखायची नाही. क्षणात दृष्टी जाऊ शकते.

एक वही हवी

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली आणि पुढे कारखाने चाकणच्या माळापर्यंत पोहोचले. या काळात येथील नदीकाठ, गवताळ माळ आणि शेते झपाट्याने बदलली. हा बदल पक्ष्यांच्या संख्येत कसा उतरला, हे सांगायचे तर वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी ठेवलेल्या नोंदी लागतात. अशा नोंदी ठेवायला शाळेइतकी योग्य संस्था दुसरी नाही, कारण शाळा जागची हलत नाही आणि दर वर्षी नवे डोळे येतात.

एक द्विनेत्री, एक जाड वही आणि शाळेजवळची एक ठरावीक जागा एवढे भांडवल पुरेसे आहे. नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, अंतर, प्रकाश कसा होता आणि कोणती द्विनेत्री वापरली हे लिहावे. पक्ष्याचे नाव शेवटी, आधी जे दिसले ते: माथा, भुवई, पंख, पाय. वारकरी, शेकाट्या, टिटवी, हळदीकुंकू बदक यांची मोजदाद महिन्यातून एकदा जरी झाली तरी पाच वर्षांत उपयोगी तक्ता तयार होईल. पहिली नोंद करायला पांढरा धोबी सोयीचा. तो कोणत्या तारखेला आला आणि मार्च-एप्रिलमध्ये शेवटचा कधी दिसला, एवढे लिहायला या हिवाळ्यापासून सुरुवात करावी.